दंडातली बेटकुळी

माझ्या उजव्या दंडात एक बेटकुळी कायमची बसली आहे. पोरं मूठ आवळून, कोपर वाकवून दंडावर जी गोळी काढून दाखवतात, ती. पोरांनी मूठ सोडली की ती जाते. माझी जात नाही. हात लोंबता सोडला तरी कोपराच्या जरा वर ती लिंबाएवढी उभीच असते, आणि वर खांद्याजवळ, जिथं मांस असायला हवं तिथं, खळगा आहे. पोलक्याची बाही वर सैल पडते आणि खाली घट्ट होते. दोन पोलकी उसवून मी पुन्हा शिवली. बाकीची तशीच घालते.

मी सोलापुरात एकटी राहते. नवरा टॉवेलच्या मागावर कामाला होता. त्याला जाऊन चार वर्षं झाली. गालात गाठ आली आणि सहा महिन्यांत संपला. मी आधीपासून कडक भाकरी करून विकते. ज्वारीची, पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी. एकच लेक आहे. कुर्डुवाडीला दिली, जावई रेल्वेत आहे. बापाच्या तेराव्यालाच ती म्हणाली, "चल माझ्याकडं." मी येत नाही म्हणाले. ती रडली, भांडली, पुन्हा रडली. शेवटी असं ठरलं की माझ्या हातानं भाकरी होते तोवर मी इथं राहायचं. ज्या दिवशी होणार नाही त्या दिवशी तिनं येऊन मला न्यायचं आणि मी तोंड उघडायचं नाही. मी हो म्हणाले, कारण मला वाटलं तो दिवस यायच्या आधी मी मरेन.

लेकीचं घर वाईट नाही. जावईही वाईट नाही. मी तिथं एकदा आठ दिवस राहिले होते. आठ दिवसांत मला कुणी एक काम सांगितलं नाही. भांड्याला हात लावला की "असू द्या, असू द्या". नवव्या दिवशी मी गाडीत बसले.

तेव्हापासून लेक दर रविवारी फोन करते आणि पहिलाच प्रश्न विचारते, "भाकरी होतीया न्हवं?" मी म्हणते, "होतीया." मग ती नातवाचं सांगते, मी ऐकते. तब्येत कशी आहे असं ती वेगळं विचारत नाही. त्या एका प्रश्नात सगळं आलं असं तिला वाटतं. मलाही वाटायचं.

थंडीचे दिवस होते. सकाळी पिठाचा डबा खालून ओट्यावर ठेवायला उचलला. अर्ध्यात आला असेल तेव्हा टक् असा आवाज झाला, वाळलेली काटकी मोडावी तसा. मी आधी मागं वळून पाहिलं, काय मोडलं म्हणून. मग दंडातून ऊन पाणी सांडल्यासारखं काहीतरी कोपरापर्यंत उतरलं. डबा खाली आदळला. पीठ सांडलं नाही, झाकण घट्ट होतं. मी भिंतीला टेकून बसले. त्या दिवशी भाकरी झाली नाही.

शेजारी एक बाई आहे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. तिचं घर तेलुगू, विड्या वळते. डबा आदळल्याचा आवाज ऐकून ती विड्यांच्या सुपासकट आली.

"काय झालं मावशी?"

"दंडात लचक भरली."

"अय्यो, उसण हाय ती. दुसरं काय न्हाय. पायाळूचा पाय लावा, उतरतीया."

एवढं बोलून ती माझ्याकडे बघत राहिली आणि हसायला लागली. "पायाळू तर तुमीच की!"

"मग माझा पाय मी माझ्या खांद्याला लावू? सर्कशीत जाते."

मी पायाळू आहे. आईच्या पोटातून पायांकडून आले. वळसंगला मी जन्मले तेव्हापासून हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि लग्न होऊन इथं आल्यावर आठ दिवसांत गल्लीलाही कळलं. पायाळू माणसानं पाय लावला की पाठीत भरलेली उसण उतरते असं लोक मानतात. पाठ धरून माणसं यायची, उपाशीपोटी, दारात पालथी पडायची. मी उजव्या पायानं तीनदा दाबायची आणि सांगायची, तीन दिवस वाकू नका. माझ्या पायात काही नाही हे मला लहानपणीच कळलं होतं. उसण तीन दिवसांत आपली आपण उतरते, आणि लोक बहुतेक दुसऱ्या दिवशी येतात. पण मी कुणाला कधी नाही म्हणाले नाही. नवरा गेल्यावर तर नाहीच. माझ्या दाराची कडी वाजायची ती पाठीसाठीच.

तर हे ठाऊक असून मी काय केलं? दुसऱ्या पायाळूची वाट बघत बसले. माणसाला दुखायला लागलं की त्याची अक्कल पहिली जाते.

शेजारणीनं गिरणीवाल्याला आणलं. तो नातेपुत्याकडचा, पन्नाशीचा, पिठानं पांढऱ्या भुवया. तोही पायाळू निघाला. तीस वर्षं मी त्याच्याकडे दळण नेते आणि त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं.

"सांगून काय करू मावशी? लोकं गिरणीत येऊन आडवी पडतील. दळू का पाय लावू?"

"आज लाव."

तो दारातच घुटमळला. "तुमी वयानं मोठ्या. मोठ्या माणसाला पाय लावायचा म्हंजे पाप की."

"पाप कुणाला लागणार? तुला का मला?"

"मलाच की."

"मग मला काय सांगतोस? लाव."

मी सतरंजीवर कुशीवर झाले. त्यानं चप्पल काढून पाय धुतला, टॉवेलनं पुसला आणि अंगठ्यानं खांदा दाबला. डोळ्यांपुढं अंधारी आली. लगेच खाली वाकून तो माझ्या पाया पडला. असं तीनदा. तीनदा पाय लावला आणि तीनदा पाया पडला. शेजारीण तोंडात पदर कोंबून हसत होती. जाताना तो म्हणाला, "तीन दिवस जड उचलू नका." मी म्हटलं, "हे मला शिकवतोस?"

तीन दिवस गेले. पहिल्या दिवशी दंड सुजला. दुसऱ्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूनं काळंनिळं उतरायला लागलं, जांभळं फुटल्यासारखं, ते पार मनगटाकडे गेलं. तिसऱ्या दिवशी सूज बसली आणि ती गोळी दिसली. एका गोष्टीचा मला तेव्हा उलगडा झाला नाही. हाच खांदा दोन वर्षं ठणकत होता. कुशीवर झोपता येत नव्हतं, वरच्या फळीवरचं काढता येत नव्हतं. तो ठणका त्या टक् आवाजाबरोबर बंद झाला होता. दुखणं गेलं आणि गोळी आली, याचा अर्थ मी एकच लावला. नवऱ्याच्या गालातली गाठही आधी दुखत नव्हती.

रविवारी फोन आला. "भाकरी होतीया न्हवं?"

"होतीया."

चार दिवस मी, भाकरी विकणारी बाई, कोपऱ्यावरच्या दुकानातला ब्रेड चहात बुडवून खात होते. गिऱ्हाइकांना सांगितलं की ज्वारी चांगली मिळेना. कुलूप लावायला किल्ली उजव्या हातानं फिरेना. डावा हात वापरला. बरणीचं झाकण मांडीत दाबून उघडलं. ओलं लुगडं पिळता येईना म्हणून निथळत तसंच दोरीवर टाकलं. ते शेजारणीनं पाहिलं.

"लेकीला फोन लावते मी."

"लावलास तर माझ्या दारात पाय ठेवू नकोस."

"मग दवाखान्यात चला. एक तर ते, न्हाय तर हे. मला तुमचं मढं सापडायला नको."

शेअर रिक्षानं सरकारी दवाखान्यात गेलो. रांगेत दोन तास बसलो. डॉक्टर एक मुलगी होती, माझ्या लेकीहून लहान. तिनं माझी बाही वर केली, दंड बघितला आणि तिचा चेहरा उजळला. आजार बघून खूश झालेला डॉक्टर मी पहिल्यांदाच बघितला.

"आजी, माझे विद्यार्थी आहेत. त्यांना दाखवू का?"

"दाखव. आधी सांग, गाठ आहे का?"

"गाठ नाही. तुमचाच स्नायू आहे, खाली घसरलाय."

शेजारणीनं बाटली पुढं केली. मी पाणी प्यायले आणि म्हटलं, "मग हात राहतो का जातो ते सांग." तिनं आधी सोनोग्राफी करून आणायला लावली. मशीनवाल्यानं दंडावर थंड मलम फासलं, बघितलं, कागद दिला. मग तिनं मला स्टुलावर बसवलं, भोवती आठ पोरं-पोरी उभ्या केल्या आणि माझ्या दंडावर बोट ठेवून शिकवायला लागली. मीही शिकले. चौथीनंतर मला कुणी काही शिकवलं नव्हतं.

पोरं ज्याची बेटकुळी काढतात त्या स्नायूला ते बायसेप्स म्हणतात. त्याला वरच्या बाजूला दोन डोकी असतात. डोकं म्हणजे जिथून तो सुरू होतो ती जागा. तिथून पांढरी, चिवट दोरी निघते आणि तिला पुढं मांस फुटतं. आखूड डोकं खांद्याच्या पुढच्या एका हाडाला धरलेलं असतं. लांब डोक्याची दोरी खांद्याच्या सांध्याच्या आतून निघते, हाडाच्या गोल माथ्यावरून वळसा घेते आणि दंडाच्या हाडावर एक खाच असते तिच्यातून खाली येते. आडाच्या चाकावरून दोर जावा तशी. हात वर-खाली झाला की ती घासते. पन्नास-साठ वर्षं घासली की तिचे पदर सुटतात, खांदा ठणकतो, आणि एखाद्या सकाळी ती तुटते. तुटली की ओढ संपते, म्हणून ठणकाही थांबतो. वरचा आधार गेल्यावर मांस कोपराकडे गोळा होऊन बसतं. तेच माझ्या दंडात बसलं होतं.

"दुसरं डोकं?" एका पोरीनं विचारलं.

"शाबूत आहे. आणि खाली कोपरापलीकडची दोरीही शाबूत आहे. ती तुटली असती तर गोळी वर सरकली असती आणि मग ऑपरेशनचा विचार करावा लागला असता."

मग ती माझ्याकडे वळली. "आजी, कोपर वाकवा. मी दाबते, तुम्ही वर ओढा." मी ओढला. तिचा हात वर गेला. तिनं पोरांना सांगितलं की बायसेप्सच्या खाली आणखी एक स्नायू असतो, बाहेरून दिसत नाही, आणि कोपर वाकवायचं मुख्य काम तोच करतो. नाव वरच्याचं होतं. मी म्हटलं, घरात असतं तसंच. पोरं हसली.

"आता तळहात वर करा. धरून ठेवा, मी उलटा करायला बघते."

"भीक मागायला लावतेस का?"

"मागा की."

इथं मी हरले. तिनं दोन बोटांनी माझा तळहात पालथा घातला. बायसेप्सचं खरं बळ यातच असतं म्हणाली, तळहात वर फिरवण्यात. किल्ली, झाकण, लुगड्याचा पिळा. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं आणि तिनं माझ्या घरातली एकेक गोष्ट मोजून दाखवली.

त्यानंतर तिनं पोरांना हात लावून बघायला सांगितलं. एकेक जण पुढं येई, एक हात खांद्यावर ठेवी, दुसऱ्यानं गोळी चाचपी आणि विचारी, "आजी, दुखतंय का?" एकाचे हात गार होते. एकीच्या बोटांना साबणाचा वास होता. एक पोरगा इतका हलका हात लावत होता की मी त्याला म्हटलं, दाब, मी कोंबडीचं अंडं नाही. नवरा गेल्यापासून माझ्या अंगाला कुणाचा हात लागला नव्हता. लेक येते तेव्हा वाकून पाया पडते, तेवढंच. पाचव्या पोरानं दाबलं तेव्हा चांगलंच दुखलं. मी नाही म्हणाले. हो म्हणाले असते तर पुढच्या तिघांना तिनं थांबवलं असतं.

शेवटी तिनं रबराची हातोडी घेतली. कोपराच्या घडीत, जिथं दोरी हाताला लागते, तिथं आपला अंगठा ठेवला आणि अंगठ्यावर हातोडी मारली. माझा हात मी न सांगता उडाला. या ठोक्यानं मानेतल्या नसा ठीक आहेत का ते कळतं म्हणे. त्याच दोरीच्या आतल्या बाजूला नाडी सापडते, ब्लडप्रेशर बघताना तिथंच नळी लावतात. माझं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. त्याचं औषध लिहून दिलं.

"ऑपरेशन नको," ती म्हणाली. "या वयात त्याची गरजही नाही. पंधरा दिवस आराम, मग हळूहळू काम. जड उचलायचं नाही."

"भाकरी?"

"थापता येईल."

"बडवून थापते मी. पातळ."

"येईल आजी. गोळी तेवढी तशीच राहील. घरी कोण असतं?"

"मी असते."

तिनं कागदावर काहीतरी लिहिलं. मी भाकरीचं आणखी एकदा विचारलं. तिनं आणखी एकदा तेच सांगितलं.

पंधरा दिवसांचे मी बारा केले. पहिली भाकरी परातीतच फाटली. दुसरी तव्यावर दुमडून पडली. मळायला आणि थापायला काही अडत नव्हतं, अडत होतं ते उचलून तव्यावर टाकायला. थापलेली भाकरी तळहातावर घ्यायची, म्हणजे तळहात वर फिरला पाहिजे, आणि मग एका झटक्यात पालथी टाकायची, म्हणजे पिठाची बाजू वर येते. त्या वर फिरण्यातच हात कच खात होता. मी पीठ वाया घालवत राहिले. मग कोपर बरगडीला टेकवून अख्खं अंगच वळवायला शिकले. मनगटाचं काम कमरेला दिलं. आठ दिवसांत भाकऱ्या होऊ लागल्या, पूर्वीच्या निम्म्या वेगानं.

आणि एका सकाळी लेक दारात उभी राहिली. शेजारणीनं शेवटी फोन केलाच होता. दवाखान्याचं सगळं सांगितलं होतं, फक्त डॉक्टर शेवटी काय म्हणाली ते सोडून. लेकीच्या हातात मोठी बॅग होती. रिकामी. खाली ठेवली तशी ती आपोआप आडवी झाली.

"दाव हात."

मी बाही वर केली. तिनं तोंडावर हात ठेवला. "आये, हे काय गं? आन् तू होतीया होतीया म्हणत बसलीस? कापडं भर. दुपारच्या गाडीनं जायचं."

"डॉक्टर म्हणाली भाकरी येईल."

"डॉक्टरला काय? तिला थापायची हाय? ठरलंय आपलं."

"ठरलंय ना? मग बस तिथं. बघ."

मी गॅस पेटवला. ती भिंतीला टेकून बसली, बॅग मांडीवर घेऊन. मी आधण ठेवलं, पीठ मळलं, गोळा केला, थापायला घेतली. परातीचा आवाज तेवढा. भाकरी पूर्ण झाली तेव्हा मी दोन्ही हात खाली घातले आणि ती उजव्या तळहातावर घेतली.

तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली, ती इथं लिहिते, कारण खोटं लिहून काय उपयोग. हात जरा ढिला सोडला असता तर भाकरी पडली असती. कुणाला कळलंही नसतं की मी सोडली. लेकीनं कपडे भरले असते, मी ठरल्याप्रमाणे तोंड उघडलं नसतं, आणि संध्याकाळी मी माणसांत बसले असते. एवढं सगळं त्या एका भाकरीवर होतं.

मी कोपर बरगडीला लावून वळले. भाकरी तव्यावर सपाट पडली. पाणी फिरवलं, उलटली, जाळावर धरली. टम्म फुगली.

मी लेकीकडे बघितलं. ती रडेल किंवा भांडेल असं मला वाटलं होतं. तिचे खांदे खाली आले. दिवसभर डोक्यावर भारा वाहून आणलेला माणूस भारा उतरल्यावर बसतो, तशी ती बसली होती. "होतीया की!" म्हणाली आणि हसली. बॅग मांडीवरून बाजूला सरकवली. शेंगाच्या चटणीबरोबर दोन भाकऱ्या खाल्ल्या.

जेवून तिनं जावयाला फोन लावला. दारात उभी राहून बोलत होती, पण आमचं घर केवढंसं.

"न्हाय, न्हाय येत. अवो, हात चांगला हाय तिचा... थापली की माझ्यासमोर... व्हय. ते कपाट ऱ्हाऊ द्या मग तितंच. आन् पोराला सांगा, त्याचं टेबल हलवायचं न्हाय म्हणावं."

आवाज इतका मोकळा होता की मला तिचं लहानपण आठवलं, शाळेला सुट्टी मिळाल्याचं सांगत यायची तेव्हाचं. चार वर्षं ती चल म्हणत होती आणि मी येत नाही म्हणत होते. दोघींनाही एकच हवं होतं. हे आधी कळलं असतं तर भांडण तरी वाचलं असतं.

मी रागावले नाही. रागावण्यासारखं तिनं काही केलं नव्हतं. आली होती, रिकामी बॅग घेऊन आली होती, न्यायला तयार होती. त्याहून जास्त कुणी काय करावं?

दुपारच्या गाडीनं ती गेली. जाताना पाया पडली. मग उठून माझ्या दंडाला बोट लावून बघितलं. "दुखतंय का गं?"

"नाही," मी म्हणाले. हे खरं होतं.

तिनं बोट काढून घेतलं. "मग बरं," म्हणाली. रिक्षा उभीच होती.

मी दार लावलं. परातीत एका भाकरीचं पीठ मळलेलं राहिलं होतं. ठेवलं तर आंबतं. गॅस पुन्हा पेटवला आणि ती भाकरी करून टाकली.